वारा पडल्यावर

सांगलीच्या पेठेत पन्नास वर्षे हळदीची अडत केलेले अप्पा नातवाकडे कॅलिफोर्नियाला गेले, तेव्हा तिथली उन्हाळ्यातली दुपार वाऱ्याच्या ताब्यात असते हे त्यांनी प्रथमच पाहिले. आतला खोऱ्याचा प्रदेश तापला, की महासागरावरची गार हवा सॅन फ्रान्सिस्को उपसागरावरून आत धाव घेते. सॅन मटेओच्या पुलाच्या उत्तरेला नातू त्या वाऱ्यावर पायांखाली फळी आणि वीस-बावीस मीटर दोऱ्यांच्या टोकाला पतंग घेऊन पाण्यावरून सरसरत जाई. संक्रांतीचा पतंग अप्पांना ठाऊक होता. माणसालाच ओढून नेणारा नव्हता.

काठाला कोकणातल्या खाजणासारखी खारी दलदल. वारा असेतो तिथे डास फिरकत नसे. तो पडला, की गवतातून उठत. अप्पा सूर्यास्तापूर्वी डबा उरकीत. नातू उशिरा पाण्याबाहेर येई आणि दंडावर चापट मारून ओशाळे. अप्पा आपल्या हातावरचा डास फुंकरीने उडवीत.

एकदा डासनियंत्रणाची माणसे साचलेल्या पाण्यात लांब दांड्याचे पळे बुडवून अळ्या मोजताना दिसली. नातवाने सांगितले, की हा डास पाण्यात नव्हे, ओल्या चिखलात अंडी घालतो. मोठ्या भरतीचे पाणी चढून साचले, की ती फुटतात. १९०४ साली याच उपसागराकाठी सॅन राफेलला त्यांच्याविरुद्ध मोहीम सुरू झाली. आता अळ्यांवर एक जिवाणू वापरतात. तो १९७६ साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटात सापडला.

अप्पा गप्प झाले. ऐन तिशीत धाकट्या भावाने कीटकनाशकांची एजन्सी आणली होती. अप्पांनी ती पेढीवर ठेवू दिली नाही आणि भाऊ वेगळा झाला. संकल्पी हिंसा श्रावकाने टाळायचीच, उद्योगातली अटळ तेवढी कमी करायची, हे त्यांना पाठ होते. परंतु भावाची औषधे फवारलेल्या रानांतलीच हळद पुढे त्यांच्या अडतीला येत राहिली, आणि तिची दलाली त्यांनी घेतली. हा हिशेब त्यांनी कुणापुढे मांडला नव्हता.

जिथे बांध घालून भरती अडवली, तिथे पाणी कुजते आणि अळ्या वाढतात. जुने ओहोळ मोकळे केले, की पाणी खेळते, मासे आत येतात आणि डास घटतात. अप्पांना हे आवडले. मासा खातो ते आपल्या खात्यावर पडत नाही, असे मानणे व्यापाऱ्याला सोपेच! तेही त्यांनी हसून कबूल केले.

त्या रात्री त्यांनी भावाला फोन लावला. सांगलीत सकाळ होती. हळदीचा भाव विचारून झाला, पावसाचे झाले. मग अप्पांनी खाजणाचे सांगितले. नंतर, अडखळत, दलालीचेही. पलीकडे पेठेतला गलका ऐकू येत होता. भावाने उत्तर दिले नाही, पण फोनही ठेवला नाही.