भाचीच्या मंडळीसाठी

अहिल्यानगर

चि. सोनू,

तुमच्या मंडळीने शेजारच्या स्थलांतरित कुटुंबांसाठी कमिटी नेमली आणि तुला तिच्यात घेतले, हे वाचून बरे वाटले. चर्चच्या दारावर ‘येथे आश्रय आहे’ असा फलक लावायचा की नाही, यातच पहिली बैठक संपली म्हणतेस. संपायचीच. आपल्याही पंच कमिटीत रंगकामावर दोन तास जातात आणि मदतनिधी ‘आयत्या वेळचे विषय’ यात उरकला जातो.

फलकाला माझा विरोध नाही. पण तू फीनिक्समध्ये राहतेस, तर आधी शेजारच्या टूसॉनची हकीकत नीट समजून घे. 1980 नंतर एल साल्वाडोर आणि ग्वाटेमालातल्या यादवीतून जीव वाचवून लोक ॲरिझोनाचे वाळवंट तुडवत येत होते. त्या दोन देशांच्या सरकारांना अमेरिकेचाच पाठिंबा, त्यामुळे पळून आलेल्यांना निर्वासित मानणे वॉशिंग्टनला अडचणीचे होते. 1984 साली या देशांतल्या शंभर अर्जदारांपैकी तिघांनाही आश्रय मिळत नव्हता. साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक जॉन फाइफ आणि जिम कॉर्बेट नावाचे क्वेकर पंथाचे एक पशुपालक यांनी सुरुवात सरळ मार्गाने केली. जामिनाचे पैसे उभे केले, अर्ज भरून दिले. अर्ज फेटाळलेच जातात हे दिसल्यावर 24 मार्च 1982 रोजी, एल साल्वाडोरचे आर्चबिशप रोमेरो यांच्या हत्येला दोन वर्षे झाली त्या दिवशी, मंडळीने उघड जाहीर केले की या लोकांना आम्ही आसरा देणार. पुढे शेकडो चर्च आणि सिनेगॉग त्यांना येऊन मिळाले. सरकारने पगारी खबरे पाठवले. ते कपड्यांत रेकॉर्डर लपवून शास्त्राभ्यासाला बसत. 1986 मध्ये आठ जण दोषी ठरले, तरी तुरुंगात कोणी गेले नाही, प्रोबेशनवर सुटले.

लोकांच्या लक्षात राहिले आहे ते एवढेच. मला मोठा वाटतो तो दुसरा, कंटाळवाणा भाग. चर्च संघटनांनी 1985 मध्ये सरकारवरच दावा लावला. तो चिकाटीने चालवला आणि 1991 मध्ये तडजोड होऊन त्या दोन देशांच्या हजारो लोकांची प्रकरणे नव्याने ऐकण्याचे सरकारला मान्य करावे लागले. चर्चमध्ये झोपायला जागा मिळालेल्यांपेक्षा या कागदाने कितीतरी जास्त माणसे वाचली.

म्हणून तुमच्या कमिटीने भिंतींवर फार भिस्त ठेवू नये. चर्च, शाळा, दवाखाने अशा ठिकाणी सहसा धरपकड करायची नाही, हे 2011 पासूनचे धोरण होते, कायदा नव्हे. जानेवारी 2025 मध्ये ते एका आदेशाने मोडीत निघाले. क्वेकर मंडळ्या कोर्टात गेल्या आणि फेब्रुवारीत मेरिलँडच्या न्यायाधीशांनी तात्पुरता मनाई हुकूम दिला, पण तो दावा करणाऱ्यांपुरताच. शिवाय माणूस लपवून ठेवणे हा तुमच्याकडे गुन्हा आहे. तेव्हा पहिला खर्च वकिलावर करा. न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट आणि इमिग्रेशन खात्यातल्याच अधिकाऱ्याने सही केलेला कागद यांतला फरक दाराशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला कळला पाहिजे. उपासनेची जागा सर्वांना खुली असते, कार्यालय आणि रविवारच्या शाळेच्या खोल्या नसतात. कुठे ‘खाजगी’ अशी पाटी लावायची, कोण बोलायचे, कोणाला फोन करायचा, हे वकिलाकडूनच ठरवून घ्या.

बाकीचे काम साधे आहे, पण जीव खाणारे. इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही. फी मंडळीने उभारली तर उभी राहील. घर बदलले की पाच कामाच्या दिवसांत कोर्टाला पत्ता कळवावा लागतो. तो राहिला तर नोटीस जुन्या घरी जाते, तारीख चुकते आणि माणसाच्या गैरहजेरीतच हद्दपारीचा हुकूम निघतो. केवढी शिक्षा, एका पाकिटाची! स्पॅनिश बोलणारी दोन माणसे आठवड्यातून एकदा लोकांचे टपाल बघायला बसली, तारखेला कोणी गाडीतून सोबत गेले, तर यातले बरेच टळेल. आईबाप पकडले गेले तर मुले कोणाकडे, याचे मुखत्यारपत्र आधीच करून ठेवायला मदत करा. मेक्सिकोत ‘नोतारियो’ म्हणजे शिकलेला वकील. तुमच्याकडे नोटरी फक्त सह्या साक्षांकित करतो. या घोटाळ्यावर पैसे उकळणारे ठग पुष्कळ आहेत, त्यांच्यापासूनही या लोकांना वाचवायचे आहे.

आणि कोणाकडे कागद आहेत, कोणाकडे नाहीत, याची यादी कृपा करून करू नका. धान्य देताना तरी कशाला हवी ती? टूसॉनचे खबरे विसरू नकोस.

तुमच्या बैठकीत कोणी म्हणाले ना, की परवान्याशिवाय आलेल्यांचा चर्चशी काय संबंध? त्यांना गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांच्याबद्दल सांग. हे दोघे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला उतरले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. कलकत्त्याहून निघून जाण्याचा हुकूम आधीच झालेला. मुंबईतूनही त्यांना इंग्लंडला धाडायचे ठरले, तेव्हा ते गुपचूप गलबतातून कोचीनला गेले आणि तिथून धरून परत आणले गेले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी सहानुभूतीने वेळ काढला, म्हणून ते टिकले. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरात, म्हणजे आपल्या अहिल्यानगरात, ठाणे घातले. तुझी आजी जिथे लिहायवाचायला शिकली ती शाळा त्या मिशनची. लेवीय पुस्तकातली उपऱ्यांबद्दलची आज्ञा तुमच्या लोकांना पाठ असेल. हा इतिहास बहुधा नसेल.

एक विचारायचे राहिले. ज्यांच्यासाठी ही कमिटी आहे, त्या कुटुंबांपैकी कोणी तिच्यात आहे का? तुझ्या पत्रात तरी दिसले नाही. त्यांना काय हवे, कशाची भीती वाटते, फलकाने ती वाढेल की कमी होईल, हे त्यांनीच सांगायचे. पुढच्या बैठकीआधी दोघांना तरी आत घे, आणि बैठक त्यांच्या कामाच्या वेळा बघून ठेव.

तुझा
मामा