खिशातलं बाळ

दिवाळीच्या सुट्टीनंतर होस्टेलवर परत येताना प्रत्येकाच्या बॅगेत एक डबा असतो. आणि पहिल्या रात्री प्रत्येक जण आईशपथ सांगतो, "या वेळी घरून काही दिलंच नाही रे!" मीही सांगायचो. बेसनाचे लाडू मी ड्रॉइंग शीटच्या नळकांड्यात लपवले आहेत. (ते दुसऱ्या दिवशी सापडले आणि संपले, ही गोष्ट वेगळी.) त्यामुळे पुढे जे घडलं त्याला थोडंफार आपलं होस्टेलही जबाबदार आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मी इथलाच, २०१५ ची बॅच, मेकॅनिकल. २०१६ मध्ये एम.एस. करायला अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला गेलो. नकाशात पार खाली, मिसिसिपी नदी समुद्राला मिळायच्या थोडं आधी हे शहर लागतं. उकाडा, दमट हवा, डास, तुंबणारं पाणी... म्हणजे आपली मुंबईच, फक्त लोकलऐवजी ट्राम! आणि माणसं कमालीची गोडखाऊ.

पहिल्याच आठवड्यात एका सीनियरने कॅफे दु मोंदला नेलं. हे दुकान १८६२ पासूनचं. तिथे बेन्ये मिळतात. चौकोनी, टम्म फुगलेले, तळलेले, एका प्लेटमध्ये तीन आणि वर पिठीसाखरेचा डोंगर. काळा शर्ट घालून जायचं नाही आणि घास तोंडात असताना हसायचं नाही, हे दोन नियम. मी दोन्ही मोडले. सोबतच्या कॉफीत चिकोरी असते, आपल्या उडप्याच्या फिल्टर कॉफीत असते तीच. तो वास आला आणि एकदम घशात काहीतरी दाटलं. साखरच असावी.

पैशांची मात्र बोंब होती. घर तारण ठेवून काढलेलं कर्ज, असिस्टंटशिप नाही, आणि डॉलर ६७-६८ रुपयांना. प्रत्येक वस्तूला मनात ६८ ने गुणायची सवयच लागली होती. पहिल्या सेममध्ये भात, अंडी आणि सीनियर्सची दया यांवर जगलो.

आणि मग जानेवारी आला. ६ जानेवारी म्हणजे तीन राजे बाळ येशूच्या दर्शनाला आले तो दिवस. तेव्हापासून मार्दी ग्राच्या मंगळवारापर्यंत तिथे किंग केकचा सीझन. नाव केक, पण असतं दालचिनी घातलेल्या गोड पावाचं मोठं कडं, वर जांभळी, हिरवी, सोनेरी साखर. आत कुठेतरी प्लॅस्टिकचं इंचभर बाळ लपवलेलं. ज्याच्या वाट्याला बाळ येईल त्याने पुढच्या वेळचा केक आणायचा. आमच्या लॅबमध्ये दर शुक्रवारी हा कार्यक्रम चाले.

दुसऱ्याच शुक्रवारी माझ्या दाताखाली काहीतरी कडक आलं. कळलं लगेच! केक वीसेक डॉलरचा. गुणिले ६८. माझा आठवड्याचा किराणा तेवढ्यात यायचा. मी खोकल्याचं नाटक केलं, हातरुमाल तोंडाला लावला आणि बाळ जीन्सच्या खिशात टाकलं. ड्रॉइंग शीटच्या नळकांड्याचा अनुभव कामी आला. सगळ्यांनी आपापले तुकडे उलटेपालटे करून पाहिले. शेवटी बेकरीवाला बाळ घालायलाच विसरला, असं ठरलं.

पुढच्या शुक्रवारी वर्कशॉपचे म्हातारे टेक्निशियन (मनातल्या मनात आम्ही देशी पोरं त्यांना काका म्हणायचो) स्वतःहून केक घेऊन आले. मी तोही खाल्ला. चव लागली नाही. त्या रविवारी कपडे काढताना ड्रायरच्या ड्रममधून बाळ टुणकन बाहेर पडलं. ते टेबलावर ठेवून मी बराच वेळ बसून होतो.

या काकांची आजी प्रालीन करून विकायची. फ्रेंच लोकांची ही मिठाई मूळ बदामाची. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय बायकांनी तिच्यात तिथलाच पेकान घातला (हा अक्रोडाचा चुलतभाऊ) आणि गुलामगिरी संपल्यावर रस्त्यावर ती विकून कितीतरी जणींनी संसार चालवले. साखर, दूध, लोणी, पेकान. चव पेढा आणि चिक्की यांच्या मधली. पाक साधारण ११५ सेल्सिअसला यावा लागतो, हे काका थर्मामीटर दाखवून शिकवत होते. मी म्हटलं, आमच्याकडे याला गोळीबंद पाक म्हणतात आणि आई बोटाने ओळखते. त्यांनी थर्मामीटर बाजूला ठेवला. "माझी आजीपण!"

मे महिन्यात मला असिस्टंटशिप मिळाली, तेव्हा काका मला हॅन्सनच्या दुकानात स्नोबॉल खायला घेऊन गेले. स्नोबॉल म्हणजे आपला बर्फाचा गोळा, पण बर्फ इतका मऊ की चमचा आपोआप बुडतो. अर्नेस्ट हॅन्सन यांनी १९३४ मध्ये बर्फ किसायचं मशीन स्वतः बनवलं, सिरप बायको मेरी करायच्या, १९३९ मध्ये दुकान निघालं. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर काही महिन्यांतच दोघंही गेले. आता नात चालवते. मेकॅनिकलवाल्यांनी ते मशीन बघायलाच जावं, गोळा बोनस!

रांग लांब होती. माझ्याने राहवलं नाही. मी बाळाचं सगळं सांगून टाकलं. काका पुढे बघत म्हणाले, "तुझा गाल फुगला होता. मला दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी तुझा डबा रोज बघायचो. पुढच्या जानेवारीत पहिला केक तू आण, झालं."

२०१८ च्या जानेवारीत पहिला केक मी नेला. हल्ली बऱ्याच बेकऱ्या बाळ वेगळं देतात, कोणाच्या घशात अडकायला नको म्हणून. आपणच ते खालून खुपसायचं. मी नवं बाळ बाजूला ठेवलं आणि माझं ड्रायरमधलं बाळ साबणाने तीनदा धुऊन आत घातलं. नऊ तुकडे झाले, नऊ प्लेटा रिकाम्या झाल्या.

बाळ निघालंच नाही! सगळे एकमेकांकडे बघत होते. त्या वर्षी आलेली दोन नवी पोरं फारच लक्ष देऊन खिडकीबाहेर बघत होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले.

पुढच्या शुक्रवारचा केकही मीच नेला.