देवक कोणतं?

अनामत रक्कम घरमालकांनी पै न् पै परत केली, हेच मला अजून टोचतं. उरलेल्या दिवसांचं भाडंही दिलं, वर डब्यात बेसनाचे लाडू. भांडले असते तर बरं झालं असतं.

पुण्यात नोकरी लागली, दलालाने खोली दाखवली, सगळं चारचौघांसारखंच. माझं आडनाव गायकवाड. मालक काका हसून म्हणाले, "वा! बडोदा सरकार!" मीही हसलो. गायकवाड मराठ्यांत असतात तसे आम्हा बौद्धांतही असतात. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मग एका रविवारी काकू चहा घेऊन वर आल्या. "गाव कुठलं हो तुमचं?" माजलगावजवळचं, म्हटलं. "अगंबाई, तिकडे आमच्या नात्यातले देशमुख आहेत. शेती किती?" थोडी. "घर गावातच का?" गावातच. "म्हणजे वेशीच्या आत?" इथे मी खोकलो. "आणि कुलदैवत?" आजी येरमाळ्याच्या यात्रेला जायची ते आठवलं, तेच सांगितलं. काकूंचा चेहरा खुलला. सुटलो असं वाटलं. पण कप उचलता उचलता, अगदी मायेने, "लग्नात देवक कोणतं बसवता तुम्ही?"

"देवक नाही बसवत. बुद्धवंदना होते."

"हो का," त्या म्हणाल्या. "चहा निवतोय, घ्या."

दोन दिवसांनी काका आले. मुलगा अमेरिकेहून येतोय, खोली लागणार. पुढे कधीतरी त्या गल्लीतून गेलो तर फाटकावर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी.

ऑफिसातला मित्र म्हणाला, "कशावरून जातीमुळेच? मुलाचा बेत बदलला असेल." याला उत्तर नव्हतं. एकट्या माणसाला हे कधीच सिद्ध करता येत नाही, आणि समोरच्याला ते पक्कं ठाऊक असतं.

तेव्हा मी बाहेरून समाजशास्त्रात एम.ए. करत होतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ मधला अभ्यास हाती लागला. पात्रता सारखी ठेवून, फक्त नावं बदलून त्यांनी खासगी नोकऱ्यांसाठी अर्ज पाठवले होते. उच्चवर्णीय नावाला १ धरलं, तर पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याचं गुणोत्तर दलित नावाला ०.६७, मुस्लिम नावाला ०.३३. त्या कंपन्यांपैकी कुणी शिवी दिली नसेल. नुसतं उत्तर आलं नाही. मित्राला पान दाखवलं. "हे नोकरीचं आहे, खोलीचं कुठे?" म्हणाला. खोलीचंही आहे म्हटलं, थोरातांनीच दिल्लीच्या परिसरात तपासलंय. मग तो जेवायला गेला.

समाजशास्त्रज्ञ गॉफमनने १९६३ मध्ये लिहिलंय की कलंक दिसत नसेल तर माणसाचा सगळा जीव कुणाला काय कळू द्यायचं यातच जातो. वाचून बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचाच राग आला. अपमानाला नाव मिळालं म्हणून अपमान कमी कसा होईल?

बडोदा सरकारांच्याच चाकरीत रुजू झालेल्या बाबासाहेबांना १९१७ मध्ये पारशी नाव लावून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं, आणि कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले. निदान लाडू तरी नव्हते. आता कायदा आहे म्हणावं, तर संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव यांची नावं घेतली आहेत. भाड्याच्या खोलीचं नाव नाही.

खोली शोधणाऱ्यांनी एक करावं: करार लेखी, नोंदणी केलेला घ्यावा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी मालकावर आहे. माझा करार तोंडी होता, म्हणून काकांना दोन दिवस पुरले.

हल्ली मी फोनवरच दलालाला सांगून टाकतो, बौद्ध आहे. काही जण फोन ठेवतात, काही जण भाडं वाढवतात. उगाच चहा प्यावा लागत नाही. धाकटी बहीण यंदा पुण्यात शिकायला येतेय. तिला मात्र सांगितलंय, विचारल्याशिवाय बोलू नकोस, आणि येरमाळ्याचं लक्षात ठेव.