साउथ बेंडमधली पाच जणांची भिंत

शिकागोच्या मिलेनियम स्टेशनवरून सुटणारी साउथ शोअर लाईनची गाडी मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाला वळसा घालते, गॅरीच्या पोलाद कारखान्यांजवळून जाते आणि साउथ बेंडच्या विमानतळावर येऊन थांबते. प्रवास दोन-अडीच तासांचाच, पण उतरल्यावर घड्याळ एक तास पुढे करावं लागतं. ६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री मी तिथे उतरलो. कंपनीच्या कामासाठी तीन महिने शिकागोत होतो आणि दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी होती. सणाच्या दिवशी एकटं बसायचं नाही, असं आईने बजावलं होतं. साउथ बेंडला माझी मावसबहीण शिकते, तिला आम्ही सगळे ताईच म्हणतो. तिचा फोन आला, "शनिवारी गणपती आहे आणि दुपारी फुटबॉलची मॅच. दोन्हीला ये."

खरं सांगायचं तर माझं निम्मं लक्ष वडोदऱ्यात होतं. ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला. तुमच्यापैकी अनेकांनी तो घरात शिरलेला पाहिला असेल. आमच्या गल्लीतल्या मंडळाचं सगळं सामान तळमजल्यावरच्या एका खोलीत असतं. कापड, दिव्यांच्या माळा, पाट, सतरंज्या, सगळं चिखलात गेलं. त्यात आमची पिढी पांगलेली. एक पुण्यात, दोघे बंगळूरुत, मी शिकागोत. उरली ती अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, आणि त्यांचा म्होरक्या माझा धाकटा भाऊ. त्याने आजवर गणपतीत प्रसाद वाटण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी ताईच्या छोट्याशा फ्लॅटमध्ये वीतभर उंचीची शाडूची मूर्ती बसवली. आरती झाली, उकडीचे मोदक झाले. त्यातले निम्मे फुटले, ते आम्ही आधी संपवले. मग मी घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होती. मागे मंडप दिसत होता, जरा डावीकडे कललेला. मी सुरू झालो, "तो कोपरा आधी घट्ट करा. दिव्यांची लाईन वेगळी घेतली का? वर्गणीची वही कोणाकडे आहे?" भाऊ दोन मिनिटं ऐकत राहिला. मग म्हणाला, "दादा, मी बघतो," आणि फोन ठेवला.

साउथ बेंड हे एकेकाळी स्टुडबेकरचं गाव होतं. १८५२ साली स्टुडबेकर बंधूंनी इथे घोडागाड्यांचं काम सुरू केलं, पुढे मोटारी आल्या, आणि डिसेंबर १९६३ मध्ये इथला मोटारींचा कारखाना बंद पडला. गाव मात्र टिकलं, आणि त्यात नोटर डेम विद्यापीठाचा वाटा मोठा. हे विद्यापीठ १८४२ चं. मुख्य इमारतीचा सोनेरी घुमट दुरूनच दिसतो, आणि संघाची सोनेरी हेल्मेटं त्या घुमटाचीच आठवण करून देतात. मॅचच्या दिवशी आजोबा, आई, नातवंडं असं अख्खं कुटुंब हिरवे-निळे शर्ट घालून घुमटापासून स्टेडियमपर्यंत चालत निघतं. आपल्याकडची पालखी आठवावी, अशी ती गर्दी.

स्टेडियम १९३० सालचं आहे आणि आता त्यात ७७ हजारांहून अधिक माणसं बसतात. उत्तरेकडे ग्रंथालयाची चौदा मजली इमारत आहे. तिच्या भिंतीवरच्या भव्य चित्रात येशू ख्रिस्त दोन्ही हात वर करून उभे आहेत. फुटबॉलमध्ये गोल झाला की पंच नेमके असेच हात वर करतात, म्हणून विद्यार्थ्यांनी त्या चित्राला 'टचडाउन जीझस' नाव ठेवलंय.

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ बसले होते. अनेक वर्षं याच जागेवर बसतात म्हणे. मी नवखा आहे हे त्यांनी लगेच ओळखलं, कारण मी चेंडू शोधत होतो. ते म्हणाले, चेंडू बघू नकोस, पुढच्या पाच जणांकडे बघ.

ते पाच जण म्हणजे ऑफेन्सिव्ह लाईन. मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, कडेला दोन टॅकल. एकेक जण सव्वाशे-दीडशे किलोचा. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो, आणि तिथून पुढचे तीन-चार सेकंद या पाच जणांचे. समोरून धावून येणाऱ्यांना अडवायचं, नाहीतर ढकलून चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी वाट काढायची. त्यांच्या हातात चेंडू जवळजवळ कधीच येत नाही. त्यांचं नाव लाउडस्पीकरवर येतं ते बहुतेक वेळा चूक झाल्यावरच.

मला वाटलं होतं, ताकद असली की झालं. शेजारच्या काकांनी ते खोडून काढलं. समोरचे खेळाडू सरळ येत नाहीत. एक आत घुसतो, दुसरा त्याच्या मागून वळसा घालून येतो. अशा वेळी टॅकलने आपला माणूस गार्डकडे सोपवायचा आणि गार्डचा आपण घ्यायचा, तोही क्षणात आणि न बोलता. समोरची मांडणी वाचून सेंटर खाणाखुणांनी चौघांना सांगतो, की कोण कोणाला धरणार. चौघांनी बरोबर ऐकलं आणि एकाने चुकीचं, तर क्वार्टरबॅक आडवा.

हे मला चटकन समजलं, कारण लहानपणी व्यायामशाळेत कबड्डी खेळलो आहे. कबड्डीची साखळी अशीच असते. दोघांनी हात धरलेले, आणि एक जण अर्धं पाऊल आधी सरकला की चढाईवाला सुटलाच. जोडीदार बदलला की महिनाभर ती साखळी जमत नाही. इथे तर पाच जणांची साखळी, आणि हातही धरायचे नाहीत.

आणि त्या वर्षी नोटर डेमची ही साखळी अगदी नवी होती. डावा टॅकल ज्यो ऑल्ट २०२४ च्या व्यावसायिक निवडीत पाचव्या क्रमांकावर उचलला गेला होता. उजवा टॅकल ब्लेक फिशर दुसऱ्या फेरीत गेला. सेंटर दुसऱ्या विद्यापीठात गेला. ऑल्टच्या जागी ज्याला तयार केलं होतं, त्या चार्ल्स जगुसाला ऑगस्टमध्ये सरावात छातीच्या स्नायूची दुखापत झाली. मग डाव्या टॅकलच्या जागी आला अँथनी नॅप, कॉलेजात पहिल्याच वर्षाला असलेला मुलगा. ही जागा सर्वांत जोखमीची, कारण उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ त्या बाजूला असते. तिकडून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. पहिल्या सामन्यात उतरलेल्या पाचही जणांच्या गाठीला मिळून, सुरुवातीपासून खेळलेले सामने होते फक्त सहा.

तो पहिला सामना ३१ ऑगस्टला टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या मैदानावर, लाखावर प्रेक्षकांच्या गोंगाटात झाला होता. तिथे बोललेलं ऐकूच येत नाही, सगळं खुणांवर चालतं. १३-१३ अशी बरोबरी असताना शेवटच्या दोन मिनिटांच्या सुमारास याच पोरांनी वाट काढून दिली आणि नोटर डेम २३-१३ ने जिंकलं. त्यामुळे ७ सप्टेंबरला स्टेडियम खुशीत होतं. संघ देशात पाचवा, आणि समोर नॉर्दर्न इलिनॉय. हा संघ जिंकेल असं कोणाला स्वप्नातही वाटत नव्हतं.

पण खेळ सुरू झाल्यावर हळूहळू ती खुशी विरली. क्वार्टरबॅक रायली लेनर्डचे दोन पास समोरच्यांनी पकडले. भिंत कधी उभी राहायची, कधी एका बाजूने वाकायची. सामना संपायला ३१ सेकंद उरले असताना नॉर्दर्न इलिनॉयने किक मारून आघाडी घेतली. नोटर डेमची शेवटची लांब किक अडवली गेली. १६-१४. इतकी माणसं एकदम गप्प झालेली मी प्रथमच ऐकली. "आता त्या पहिल्या वर्षाच्या पोराला बसवतील ना?" मी काकांना विचारलं. ते म्हणाले, बसवला तर तो शिकणार कधी?

रविवारी सकाळी ताई मला विद्यापीठ दाखवायला घेऊन गेली. ग्रंथालयासमोर पाण्याच्या काठाला बसलो असताना भावाचा फोन आला. आवाज पडलेला होता. दुपारी मंडपाच्या एका बाजूचा दोर सुटला आणि कापड खाली आलं. कोणाला लागलं नाही, मूर्तीला धक्का नाही. पण गल्लीतले काका लोक जमले आणि म्हणाले, पोरांना जमत नाही, उद्यापासून आम्ही बघतो. माझ्या तोंडावर आलं होतं, "मी काल सांगत होतो ना, तो कोपरा!" ताईने माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "आता काय करायचं ठरवलंय?" तो म्हणाला, "पुन्हा बांधलाय. कोपऱ्याला दोन दोर घेतलेत. पण काकांना तू सांग ना." मी रात्री वडिलांना फोन केला आणि एवढंच म्हणालो, "बाबा, विसर्जनापर्यंत पोरांनाच करू द्या."

नोटर डेमचे मुख्य प्रशिक्षक मार्कस फ्रीमन आणि लाईनचे प्रशिक्षक ज्यो रुडॉल्फ यांनीही तेच केलं. पुढच्या शनिवारी नॅप त्याच जागी उभा होता. परड्यूला त्यांनी ६६-७ असं हरवलं. मात्र त्याच सामन्यात सेंटर ॲश्टन क्रेगचा गुडघा गेला आणि त्याचा हंगाम संपला. तेव्हा पुढे आला पॅट कूगन. आदल्या वर्षी तो सगळ्या सामन्यांत डावा गार्ड म्हणून खेळला होता आणि या ऑगस्टमध्ये त्याची जागा गेली होती. रुसून बसण्याऐवजी तो तयार राहिला, आणि वेळ आली तेव्हा सेंटरच्या जागी उभा राहून साखळी सांभाळू लागला. गार्डच्या जागाही दुखापतींमुळे बदलत राहिल्या. तरी त्या पराभवानंतर संघ ओळीने १३ सामने जिंकला.

या विद्यापीठाला अशा बिनचेहऱ्याच्या माणसांचा इतिहासही आहे. १९२४ च्या त्यांच्या संघातल्या मागच्या चार खेळाडूंना एका पत्रकाराने 'चार घोडेस्वार' म्हटलं आणि ते देशभर गाजले. त्यांच्या पुढे उभ्या राहणाऱ्या सात जणांना नाव पडलं 'सात खेचरं'. त्या खेचरांमधला सेंटर ॲडम वॉल्श संघाचा कर्णधार होता, आणि आर्मीविरुद्धचा तो गाजलेला सामना तो मोडलेल्या हातांनी खेळला. आज कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम लाईनला मिळणारा पुरस्कारही नोटर डेमचे जुने प्रशिक्षक ज्यो मूर यांच्या नावाने आहे. तो एका खेळाडूला देत नाहीत, पूर्ण लाईनला देतात.

नोव्हेंबरात मी परतलो. मंडळाचं विसर्जन केव्हाच नीट पार पडलं होतं. हिशेबाची वही भावाने माझ्यासमोर ठेवली. साडेतीनशे रुपयांचा घोळ होता, तो त्याने आपल्या खिशातून भरला होता आणि तसं लिहूनही ठेवलं होतं.

२१ जानेवारी २०२५ ला पहाटे उठून आम्ही दोघांनी अंतिम सामना लावला. अटलांटात आदल्या दिवसाची संध्याकाळ होती, आपल्याकडे सकाळचे सहा. नॅप उपांत्य सामन्यात जखमी झाला होता. तोवर सलग पंधरा सामने तो त्या जोखमीच्या जागी उभा राहिला होता. त्याच्या जागी आला होता ऑगस्टमध्ये जखमी झालेला जगुसा. ओहायो स्टेटविरुद्धच्या पहिल्याच चढाईत नोटर डेमने १८ खेळींत ७५ यार्ड कापले, जवळजवळ दहा मिनिटं चेंडू आपल्याकडे ठेवला आणि टचडाउन केला. भाऊ चेंडू शोधत होता. मी म्हटलं, "चेंडू नको, ते पुढचे पाच बघ."

पुढे ओहायो स्टेटने ३४-२३ असा सामना जिंकला. आम्ही टीव्ही बंद केला. आईने शेव-उसळ आणायला पाठवलं. जाताना भाऊ म्हणाला, "दादा, यंदा मंडपाला बांबू जाड घ्यायचे. आणि पहिल्या वर्षाच्या दोन पोरांना आत्तापासूनच सोबत घेतो, मी गेलो तर?"

मी "बरं" म्हणालो. बांबू कुठून घ्यायचे ते जिभेवर आलं होतं, पण सांगितलं नाही.