पाठीवरची फुलं

जपानमधल्या नारा शहरातल्या शोसोइन भांडारातली पाच तारांची बीवा टोकियोत येणार हे कळलं, तेव्हा मी हातातली कामं बाजूला सारली. २०१९ चा ऑक्टोबर होता. उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात भली मोठी गर्दी होती, पण या वाद्यासाठी मी दिवसभरही उभी राहिले असते. पाच तारांची प्राचीन बीवा जगात ही एकच उरली आहे.

सम्राट शोमू वारल्यावर ७५६ साली सम्राज्ञी कोम्यो यांनी त्यांच्या आवडीच्या वस्तू तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाला अर्पण केल्या आणि त्या शोसोइनमध्ये ठेवल्या गेल्या. तेव्हाच्या यादीत या बीवेची नोंद आहे. सरळ मानेच्या, पाच तारांच्या अशा वाद्याचं मूळ भारतात मानलं जातं. तिथून मध्य आशिया आणि चीनमार्गे ते जपानला पोचलं. सतार ऐकत वाढलेल्या मला ते परकं वाटलंच नाही.

आधी समोरची बाजू पाहिली. तारा छेडताना नखीचा आघात जिथे बसतो, तिथे कासवाच्या कवचाची पट्टी आहे. तिच्यावर शिंपल्याच्या जडावात उंटावर बसलेला एक परदेशी वादक आहे, आणि त्याच्याही हातात बीवाच! शेजारी ताडासारखं झाड, वर उडणारे पक्षी. शिंपल्याच्या तुकड्यांवर कोरलेल्या रेषा केसासारख्या बारीक. वाळवंट कधीही न दिसणाऱ्या दरबारात हा उंटस्वार रोज सुरांच्या अगदी जवळ असायचा.

मग पाठीमागे गेले आणि तिथून पाय निघेना. रक्तचंदनाच्या जातीच्या गडद लाकडावर, मानेपासून तळापर्यंत, कुठल्याच बागेत न उमलणारी कल्पनेतली फुलं. लाकडात नेमक्या आकाराची खाच करायची आणि तिच्यात शिंपल्याचा तुकडा असा बसवायचा की सांधा कळू नये, ही या कामाची रीत. मी जरा सरकले की पाकळ्या हिरवट व्हायच्या, पुन्हा सरकले की गुलाबी. मधूनमधून कासवाचं पारदर्शक कवच बसवलं आहे. त्याच्या खालच्या अंगाला आधी रंग भरलेला असल्यामुळे लाली आतून आल्यासारखी दिसते.

खरं तर ही बाजू वाजवणाऱ्याच्या अंगाला टेकलेली. समोर बसलेल्या श्रोत्याला ती दिसायची नाही. तरीही कारागिरानं सगळ्यात जास्त जीव ओतला तो इथेच. माझ्या मते हे काम दाखवण्यासाठी केलेलंच नाही. वाद्याविषयीचा आदर त्यानं हातांनी व्यक्त केला आहे.

याच बीवेची प्रतिकृती करायला आजच्या निष्णात कारागिरांना आठ वर्षं लागली. २०१८ साली ती पूर्ण झाली. तिच्या तारांसाठी तेव्हाच्या सम्राज्ञी मिचिको यांनी पाळलेल्या कोइशिमारू जातीच्या किड्यांचं रेशीम वापरलं.

शोसोइनमधल्या निवडक वस्तू दर शरदात नारा राष्ट्रीय संग्रहालयात मांडतात. वस्तू दरवर्षी बदलतात, ही बीवा तर क्वचितच बाहेर येते. म्हणून त्या वर्षीची यादी बघूनच जायचं ठरवा. आणि कुठलंही जुनं वाद्य बघायला गेलात, तर त्याची पाठ बघितल्याशिवाय परतू नका.