फरशीवर न पडणारा थेंब

गाडी लावतो तिथल्या फरशीवर डाग नाही, म्हणजे इंजिनाला गळती नाही, असं बहुतेक गिऱ्हाइकं धरून चालतात. माझा त्यांच्याशी वाद होतो तो इथेच. फरशीवर पडलेला थेंब निदान थंड जागी तरी पोचलेला असतो. मला धास्ती खाली न पोचणाऱ्या थेंबाची. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक झालं की ऑइल इंजिनाच्या अंगावरून ओघळतं, आणि पुष्कळ गाड्यांत त्याच वाटेवर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो. थेंब तिथे पडतो, जरासा धूर होतो, संपतो. फरशी कोरडीच राहते.

माझं गॅरेज वाईत. पाचगणीकडे निघालेली मंडळी पसरणीचा घाट चढण्याआधी हवा भरायला थांबतात, तेव्हा मी सवयीने बोनेट उघडायला सांगतो. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, आत पाच माणसं, एसी चालू. इंजिनावर पुरा ताण, आणि समोरून लागणारा वारा मात्र बेताचा. मॅनिफोल्ड सहज ५०० अंशांच्या पुढे जातो, टर्बो त्याहूनही तापतो. वर पोचल्यावर गाडी बंद करून सगळे मक्याचं कणीस खायला उतरतात. बंद केली म्हणजे निवायला लागली, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात बोनेटखालचं तापमान त्यानंतर काही मिनिटं वाढतच जातं. वारा थांबलेला, कूलंट फिरायचं थांबलेलं, लोखंडातली धग मात्र बाहेर येत राहते. चालत्या गाडीत उडून जाणारी वाफ आता जागच्या जागी साठते. ‘उभ्या गाडीने पेट घेतला’ अशी बातमी वाचून लोक चकित होतात, मी होत नाही.

हाताखालच्या पोरांना पेट्रोलची भीती शिकवावी लागत नाही. उणे ४० अंशांतही त्याची पेट घेण्याजोगी वाफ होते, आणि वास तर लांबूनच येतो. पण नुसत्या तापलेल्या लोखंडावर सांडलेलं पेट्रोल बहुतेक वेळा न पेटताच उडून जातं. त्याला ठिणगी लागते: तडकलेली प्लगची वायर, स्टार्टर, नाहीतर कुणीतरी रिले न लावता जोडलेला मोठा हॉर्न. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल यांचं तसं नाही. ती उडून जात नाहीत, लोखंडाला चिकटून तापत राहतात आणि ठिणगीशिवाय पेटू शकतात. डिझेलही पेट्रोलपेक्षा कमी उष्णतेला आपोआप पेटतं. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग लागत नाही तो याच गुणामुळे. आणि कूलंट? त्यातलं पाणी उडून गेलं की मागे उरतं ते ग्लायकॉल जळतं. हे मात्र पोरांना सांगूनही पटत नाही.

ब्रेक ऑइलला तर गरम लोखंडाचीही गरज नसते. अमेरिकेत फोर्डने १९९९ ते २००९ या काळात मिळून सुमारे १ कोटी ४० लाख गाड्या परत बोलावल्या, त्या क्रूझ कंट्रोलच्या एका छोट्या स्विचपायी. आतल्या पातळ पडद्यातून ब्रेक ऑइल झिरपून विजेच्या बाजूला जायचं, आणि चावी काढल्यावरही त्या स्विचला करंट असायचा. घरापाशी बंद करून ठेवलेल्या गाड्या पेटल्या.

आपल्याकडे गाडी जळाली की खापर आधी सीएनजीवर फुटतं. मी आधी उंदरांना विचारीन. पावसाळ्यात ते बोनेटखाली येतात, होज आणि वायरी कुरतडतात, वर चिंध्या आणून ठेवतात. ऑइल प्यायलेली चिंधी किंवा बोनेटच्या आतला नमदा उष्णता धरून ठेवतो आणि मोकळ्या ऑइलपेक्षा लवकर पेट घेऊ शकतो. चिंधी दरवेळी उंदरांनीच आणलेली असते असं नाही, आमच्या धंद्यातले लोकही ती विसरतात.

म्हणूनच चकाचक इंजिन बघून मला बरं वाटत नाही. वॉशिंग सेंटरवर डिझेलचा फवारा मारून इंजिन चमकवतात, त्यात धुळीची सगळी साक्ष धुऊन जाते. पाझरलेल्या ऑइलला धूळ चिकटून काळा पट्टा तयार होतो. त्याच्या खालच्या टोकाला बघून उपयोग नाही. वाऱ्याने ऑइल मागे ढकललेलं असतं, म्हणून टॉर्च वर आणि पुढे न्यायचा, पहिली ओली जागा सापडेपर्यंत. मास्टर सिलिंडरखालचा रंग फुगलेला दिसला तर ब्रेक ऑइल. गोडसर वास आला तर कूलंट. घाटात एसीतून जळका वास येतो असं गिऱ्हाईक म्हणालं, की मी सरळ टॅपेट कव्हरकडे वळतो. धुवायचं असेल तर हे सगळं बघून झाल्यावर, पाणी आणि साबणाने. मग चार दिवस गाडी चालवून पुन्हा दाखवायला आणायची.

घाटात बोनेटमधून धूर निघाला तर गाडी कडेला घेऊन आधी चावी बंद करायची, म्हणजे पेट्रोलचा पंप थांबतो. माणसं उतरवून लांब न्यायची. बोनेट पूर्ण उघडायचं नाही, आत हवा शिरली की आग उसळते. पाण्याची बाटली तर मुळीच ओतायची नाही, जळतं ऑइल पाण्याबरोबर पसरतं. पावडरचा छोटा सिलिंडर हाताशी असेल आणि आग लहान असेल, तर ग्रिलमधून किंवा बोनेटच्या फटीतून मारायचा. बहुतेकांचा तो डिकीत, बॅगांच्या खाली असतो. मी आता पुढच्या सीटखाली पट्ट्याने बांधून देतो, त्याचे पैसे घेत नाही.