एकटेच?

सायकलवरून लांबचा प्रवास करणाऱ्या माणसाकडे काहीतरी संदेश असलाच पाहिजे, अशी आपल्या लोकांची ठाम समजूत आहे. घोड्यावर बसलेला तो नवरदेव, खांद्यावर पताका असलेला तो वारकरी, तसा कॅरिअरला तंबू बांधलेला सायकलवाला म्हणजे 'झाडे लावा' किंवा 'पाणी वाचवा'. माझ्या सायकलीला पाटीच नव्हती. त्यामुळे पुण्याहून निघून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरल्यापासून मी गावोगाव संशयित म्हणून वावरत होतो.

पाचव्या दिवशी सकाळी गुहागर सोडले. मुक्काम गाठायचा होता शास्त्री नदीपलीकडचे मालगुंड. नकाशावर हे अंतर बोटभर दिसते. पण नकाशा सपाट कागदावर छापतात आणि कोकण काही सपाट नाही. इथली गावे खाली, समुद्राकाठी नाहीतर खाडीकाठी, माडापोफळीत दडून बसलेली. दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उघडेबोडके पठार. तेव्हा या गावातून त्या गावात जायचे म्हणजे आधी सडा चढायचा आणि चढून झाला रे झाला की उतरायचा. पालशेतला उतरलो, चढलो. हेदवीला उतरलो, चढलो. हेदवीच्या दशभुज गणपतीला दहा हात आहेत. त्यांपैकी एखादा मोकळा असल्यास मागून लावावा, अशी विनंती मी करून ठेवली.

माझ्या सायकलीला चोवीस गिअर आहेत. सड्याच्या चढावर त्यांतले तेवीस केवळ वजनापुरते उरतात. सगळ्यात हलका गिअर टाकला की पाय शिंप्याच्या मशीनवर असल्यासारखे भराभर फिरतात आणि सायकल मात्र विचारात पडल्यासारखी रेंगाळते. त्यातून मागे तंबू, स्टोव्ह, पातेले, झोपायची पिशवी आणि तीन लिटर पाणी. अशाच एका चढावर डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेल्या एक आजीबाई मागून आल्या. मला लगेच मागे टाकणे त्यांना बरे दिसेना. थोडा वेळ बरोबर चालल्या.

"कुठनं आलाव?"

"पुण्याहून."

"ह्या सायकलनं? येकटंच?"

"एकटाच."

"नवस हाय काय?"

मी नाही म्हटल्यावर त्यांनी मोळी सावरत माझ्याकडे मोठ्या करुणेने पाहिले. "मग यष्टी हाय की!" असे म्हणून त्या पुढच्या वळणावर दिसेनाशा झाल्या.

तवसाळला फेरीबोटीची वाट पाहत चहा घेत होतो. शेजारच्या बाकावर एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी आधी सायकलीला एक प्रदक्षिणा घातली.

"संदेश काय आपला?"

"काही नाही. सहज निघालोय."

"सहज ठीक आहे हो. पण संदेश?"

गुरुजींनी मोबाइलवर माझा फोटो काढला. तो गावच्या गटावर टाकायचा, तर खाली एक ओळ नको का? माझ्याकडून ती मिळेना, तेव्हा त्यांनीच 'आरोग्य हीच संपत्ती' असे टंकले. फोटोत माझ्या एका हातात तिसरा चहा आहे आणि दुसऱ्या हातात कांदाभजी.

मग बोट आली. तवसाळ ते जयगड हा खाडीतला प्रवास म्हणजे आख्ख्या दिवसातला एकमेव सपाट रस्ता. मोटारी, मोटारसायकली आणि मी असे सगळे एका वेगाने चाललो होतो, याचे समाधान काही वेगळेच. तिकिटे फाडणाऱ्या पोराने विचारले, "काका, एकटेच? घरचे काही बोलत नाहीत?"

घरचे म्हणजे आता मुलगा. तो जर्मनीत असतो आणि रोज रात्री फोन करून "बाबा, कुठे आहात?" एवढे विचारतो. पूर्वी मी कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेलो तरी "कुठे निघालात? एकटेच?" असे विचारणारे माणूस घरात होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून आमच्या तीन खोल्यांत मी कुठून आलो, कुठे निघालो याची चौकशी झाली नाही. हे सगळे तिकिटाच्या एका पोराला काय सांगायचे? "नाही बोलत," म्हटले आणि तिकीट खिशात ठेवले.

जयगडला उतरलो, चढलो. ऊन कलता कलता मालगुंड आले. केशवसुत 1866 साली जन्मले ते इथे. 'तुतारी' लिहिणाऱ्या कवीच्या गावात मी नुसती घंटी वाजवत शिरलो. त्यांचे स्मारक पाहिले आणि जवळच्या एका घरी, आगरात तंबू ठोकू का, म्हणून विचारले. पंचाहत्तरीच्या काकू बाहेर आल्या.

"अहो, घर असताना बाहेर झोपणार? लोक काय म्हणतील?"

बराच वेळ वाटाघाटी होऊन तह ठरला. झोपणे तंबूत, जेवण घरात. जागा मात्र काकूंनी दाखवली ती नेमकी माडाखाली. वर दहा-बारा नारळ लोंबत होते. मी वर पाहिलेले पाहून त्या म्हणाल्या, "घाबरू नका. नारळाला डोळे असतात. माणसाच्या डोक्यावर नाही पडत." असतीलही. पण रात्री त्यांनाही डुलकी लागत असेल, म्हणून मी तंबू आठ हात पलीकडे ओढला.

जेवायला आमटी-भात आणि सोलकढी होती. भात वाढता वाढता काकूंनी विचारलेच.

"एकटेच?"

"एकटाच."

"आणि वहिनी?"

"दोन वर्षं झाली."

काकू काही बोलल्या नाहीत. फक्त मी पुरे म्हणत असताना आणखी एक डाव भात वाढला आणि त्यावर तूपही घातले. दिवसभरात पहिल्यांदाच मला कोणी संदेश विचारला नाही.

रात्री तंबूच्या कापडावर टकटक झाली. तंबूला कडी नसल्यामुळे काकू बाहेरून थापा मारीत होत्या.

"झोपलात का?"

"नाही अजून."

"दव पडतं हो पहाटे. ही घोंगडी घ्या." घोंगडी आत आली, पण काकू गेल्या नाहीत. "उद्या कुठपर्यंत?"

"रत्नागिरी."

"पोचलात की फोन करा. इथे जीव टांगणीला नको."

त्यांचा नंबर लिहून घेतला. पोचल्यावर कळवायची ठिकाणे आता दोन झाली.